नोकरीचे तास आणि बाळंतपणाची तारीख: दोन्हींचा हिशेब एकाच वहीत

नोकरी करणाऱ्या बाईला दिवस गेले की तिला दोनच प्रश्न सतत विचारले जातात. घरचे विचारतात, ‘तारीख कधीची?’ ऑफिसात विचारतात, ‘रजेवर कधीपासून?’ डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेली एक तारीख ती दोघांनाही सांगते. मग त्या तारखेला धरून सगळं ठरतं: रजेचा अर्ज, काम सोपवणं, गावाहून येणाऱ्या आईचं तिकीट. पण ती तारीख हा अंदाज असतो. शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं बरोबर त्या दिवशी जन्माला येतात. बाकीची मागेपुढे होतात, आणि ‘मागेपुढे’ म्हणजे एक-दोन दिवसच असतात असं नाही.

त्यामुळे एका तारखेवर बेत बांधू नका, पाच आठवड्यांच्या पट्ट्यावर बांधा. तो पट्टा कसा काढायचा, त्याच्या आधीच्या महिन्यांत कामाच्या तासांची नोंद कशी ठेवायची आणि कळा सुरू झाल्यावर घड्याळात नेमकं काय बघायचं, ते क्रमाने सांगते. लागेल ती एक वही, एक पेन आणि रोजची पाच मिनिटं. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल, पण आठवड्यातून एकदा त्याची प्रत दुसरीकडे ठेवा.

पायरी १: तारीख कशावरून काढली ते विचारा

सर्वसाधारण हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा असतो. गर्भधारणा साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी होते. म्हणजे बाळ पोटात प्रत्यक्ष २६६ दिवसांच्या आसपास असतं, पण मोजणी दोन आठवडे आधीपासून सुरू झालेली असते. पहिल्यांदा गरोदर असलेल्या अनेकींना हे विचित्र वाटतं: पाळी चुकून चार दिवस झाले आणि डॉक्टर म्हणतात साडेचार आठवडे झाले! हिशेब बरोबर आहे, फक्त तो पाळीपासून धरलेला आहे.

तोंडी हिशेबाची सोपी रीत एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसातून तीन महिने मागे जायचं, सात दिवस मिळवायचे आणि वर्ष पुढचं धरायचं. नऊ महिने सात दिवस. आपल्याकडचं ‘नऊ महिने नऊ दिवस’ याच्या किती जवळ आहे बघा.

उदाहरण घेऊ. शेवटची पाळी १० मार्च २०२५ ला आली. तीन महिने मागे गेलं की १० डिसेंबर, सात दिवस मिळवले की १७ डिसेंबर २०२५. पण कॅलेंडरवर एकेक दिवस मोजत २८० वर गेलात तर १५ डिसेंबर येतो. महिने कमीजास्त दिवसांचे असल्यामुळे हा दोन दिवसांचा फरक पडतो. दोन दवाखान्यांत दोन तारखा मिळाल्या की घाबरू नका. अनेकदा कारण एवढंच असतं.

हा सगळा हिशेब २८ दिवसांच्या चक्रावर बेतलेला आहे. तुमची पाळी नेहमी ३३ दिवसांनी येत असेल तर बीज उशिरा सुटतं, म्हणून तारखेत पाच दिवस वाढवायचे. पाळी अनियमित असेल, तारीख आठवत नसेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्याबरोबर दिवस गेले असतील तर पाळीवरचा हिशेब फारसा कामाचा नाही. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची. या काळात सगळ्या गर्भांची वाढ जवळपास सारखीच असते, त्यामुळे बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढलं तर चूक साधारण आठवड्याच्या आतच राहते. आयव्हीएफ केलेल्यांना अंदाजाची गरजच नसते. पाच दिवसांचा गर्भ आत सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१ दिवस मोजायचे.

पुढच्या सोनोग्राफीच्या कागदांवर दर वेळी वेगळीच तारीख छापलेली दिसेल. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर ते यंत्र बाळाच्या आकारावरून वय काढतं, आणि आकार तर प्रत्येकाचा वेगळा. शेवटच्या तीन महिन्यांतल्या तारखेत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. बाळ थोडं मोठं आहे म्हणून बाळंतपण लवकर होईल, असा त्याचा अर्थ होत नाही. सुरुवातीला पक्की केलेली तारीखच कायम ठेवायची असते. वहीच्या पहिल्या पानावर ती मोठ्या अक्षरांत लिहा आणि बाजूला ‘पाळीवरून’ की ‘पहिल्या सोनोग्राफीवरून’ हेही लिहा. बदलायची असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारून बदला, यंत्राने छापली म्हणून नको.

पायरी २: महिने सोडा, आठवडे धरा

‘आठवा लागला’ म्हणजे आठवा सुरू झाला की संपला, आणि तो चार आठवड्यांचा की ३१ दिवसांचा, यावर घरात एकमत होत नाही. ऑफिसला आणि डॉक्टरांना नेहमी आठवड्यांत सांगा. फाइलवर ‘३४+३’ असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ ३४ आठवडे पूर्ण होऊन वर तीन दिवस झाले.

शेवटची पाळी ज्या वारी सुरू झाली त्या वारी तुमचा नवा आठवडा लागतो. उदाहरणातल्या बाईचा तो वार सोमवार. तिने दर सोमवारी वहीत नवं पान घ्यायचं, वर आठवड्याचा आकडा टाकायचा आणि खाली त्या आठवड्याचे कामाचे तास लिहायचे. तारीख सोनोग्राफीवरून बदलली असेल तर त्या नव्या तारखेचा वार धरा. एवढ्या एका सवयीने पुढचा अर्धा हिशेब आपोआप जुळतो, कारण रजा आणि तपासण्या हे सगळं शेवटी याच आठवड्यांवर ठरतं.

आता पट्टा काढा. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं मानतात. जगात साधारण दहातलं एक बाळ असं जन्मतं. ३७ ते ३८+६ हे दिवस भरत आले असं म्हणण्याचे, ३९ ते ४०+६ हे पूर्ण भरलेले, ४१ ते ४१+६ हे उशिराचे आणि ४२ पासून दिवस उलटलेले. आपल्या उदाहरणात ३७ आठवडे २४ नोव्हेंबरला पूर्ण होतात आणि ४२ आठवडे २९ डिसेंबरला. म्हणजे २४ नोव्हेंबर ते २९ डिसेंबर हा पट्टा. यातला कुठलाही दिवस तुमचा असू शकतो आणि तो आला की ‘लवकर झालं’ किंवा ‘उशीर झाला’ म्हणायचं काही कारण नाही. पहिलटकरणी सरासरीने तारखेच्या थोड्या पुढे जातात. जुळं असेल तर पट्टा बराच अलीकडे सरकतो. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात, म्हणून त्यांचा बेत डॉक्टरांबरोबर बसून स्वतंत्रपणे ठरवा.

एकेचाळीस आठवडे झाले की बहुतेक ठिकाणी कळा आणवण्याबद्दल बोलणं सुरू होतं. त्या आठवड्यात तपासण्याही वाढतात. हे आधीपासून माहीत असलं की ‘अजून काहीच नाही?’ अशा फोनांना उत्तर देणं सोपं जातं.

पायरी ३: कामाच्या तासांची वही

कंपनीकडे हजेरी असतेच, मग वेगळी नोंद कशाला? कारण हजेरीला तुम्ही किती वाजता आत आलात आणि किती वाजता बाहेर पडलात एवढंच कळतं. त्यातले किती तास उभ्याने गेले, किती वेळा जड खोकं उचललं, घरी आल्यावर रात्री अकरापर्यंत मेल लिहीत बसलात, यातलं काही तिथे नसतं. तुमच्या डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.

रोजच्या ओळीत एवढंच लिहा: सुरुवात, शेवट, मधली सुट्टी, निव्वळ तास. पुढे दोन छोटे रकाने: सलग उभं राहणं आणि प्रवास. शेवटी शेऱ्याची जागा.

सोमवारची ओळ अशी दिसेल: ८:५० ते ६:२५, सुट्टी ४० मिनिटं, निव्वळ ८ तास ५५ मिनिटं, उभं ३ तास, प्रवास दीड तास, शेरा: संध्याकाळी पोट कडक, पडल्यावर बरं.

हिशेबात तीन ठिकाणी हमखास गडबड होते.

पहिली म्हणजे तास-मिनिटांची बेरीज दशांशासारखी करणं. ८ तास ५५ मिनिटं म्हणजे ८.५५ नव्हे. ५५ भागिले ६० केलं की ०.९२ येतं, म्हणून ते ८.९२ तास. महिनाभर अशी चूक झाली तर ओव्हरटाइमचे काही तास सरळ बुडतात.

दुसरी रात्रपाळीची. रात्री १०:०० ते सकाळी ६:३० असं लिहिलं आणि शेवटातून सुरुवात वजा केली तर उत्तर उणे येतं. वेळ नेहमी २४ तासांच्या घड्याळाने लिहा आणि शेवटच्या वेळेत २४ मिळवा: ३०:३० वजा २२:०० म्हणजे साडेआठ तास. ही ओळ शिफ्ट ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाच्या नावावर टाका आणि हाच नियम सगळीकडे पाळा.

तिसरी एक्सेलमधली. आठवड्याची बेरीज ४६ तास असते आणि रकान्यात दिसतात २२. तो रकाना वेळेला दिवसाचं घड्याळ समजतो आणि २४ झाले की पुन्हा शून्यापासून मोजतो. रकान्याची मांडणी बदलून एकूण तास दाखवायला सांगा, किंवा सरळ दशांशातले तास लिहा. मी दशांशाच्या बाजूची आहे. त्यात लपवाछपवी नाही.

घरून काम करणाऱ्यांनी एक पथ्य पाळायचं. लॅपटॉप उघडला ती वेळ आणि बंद केला ती वेळ लिहायची नाही, प्रत्यक्ष काम केलं ते तुकडे लिहायचे. जेवताना उत्तर दिलेले दोन मेसेज सोडून द्या. रात्री साडेनऊला घेतलेली चाळीस मिनिटांची मीटिंग सोडू नका. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्या बायकांनी तर हे जास्तच पाळावं, कारण त्यांच्या तासांवर दुसऱ्या कुणाची नजरच नसते.

घरकामाचं काय? टाइमशीटमध्ये त्याला जागा नाही हे खरं. तरी शेऱ्यात लिहा. नऊ तासांच्या नोकरीनंतर दोन तास ओट्याशी उभी राहणारी बाई डॉक्टरांना ‘माझं बैठं काम आहे’ असं सांगते, तेव्हा डॉक्टरांपर्यंत अर्धंच चित्र पोहोचतं.

रजेचा दिवस, तपासणीसाठी घेतलेले अर्धे दिवस, डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती हे सगळं त्या त्या तारखेला लिहा. आठवणीतून महिन्याच्या शेवटी भरलेली वही वाद झाला तर टिकत नाही. रोजची नोंद टिकते.

पायरी ४: त्या तासांचं करायचं काय

गरोदरपणात आठवड्याला ४० तासांहून बरंच जास्त काम, रात्रपाळ्या, सलग उभं राहणं आणि वारंवार जड उचलणं, यांचा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी किंवा कमी वजनाच्या बाळाशी थोडाफार संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. डेन्मार्कमधल्या २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात आठव्या आठवड्यानंतर एकाच आठवड्यात दोन किंवा जास्त रात्रपाळ्या केलेल्या बायकांमध्ये पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका वाढलेला आढळला. यातून ‘नोकरी सोडा’ असा निष्कर्ष काढू नका. धोक्यातली वाढ बहुतेक ठिकाणी लहान आहे, आणि तब्येत चांगली असेल तर आठ तासांचं बैठं काम शेवटच्या आठवड्यांपर्यंत करता येतं. मात्र तुमच्या कामात यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र येत असतील तर आकडे घेऊन बोलायला हवं.

तपासणीला जाताना सगळी वही पुढे ठेवू नका. डॉक्टरांकडे तेवढा वेळ नसतो. चार आठवड्यांचा गोषवारा एका ओळीत लिहून न्या: ‘२४ ते २७ आठवडे, सरासरी ४९ तास, रात्रपाळ्या सहा, रोज उभं पाच तास, दहा तासांच्या वरच्या दिवशी पोट कडक होतं.’ ‘फार दमायला होतं हो’ या वाक्यावर विश्रांतीचा सल्ला मिळतो. या ओळीवर मात्र ‘रात्रपाळी नको, दर दोन तासांनी बसायला मिळावं’ असं नेमकं पत्र मिळू शकतं, आणि ऑफिसला असंच पत्र पाळता येतं. पत्राची प्रत स्वतःकडे ठेवा आणि ते कुणाला, कधी दिलं हे वहीत लिहा.

शेऱ्याचा रकाना भरताना एक भान ठेवा. तो सवयी कळण्यासाठी आहे, धोक्याच्या खुणा साठवण्यासाठी नाही. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे चमकणं, चेहरा अचानक सुजणं, ३७ आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने पोटात दुखणं: यातलं काहीही झालं तर आधी दवाखाना, वही नंतर.

पायरी ५: रजा उलटी मोजा

रजेचे नियम देशागणिक आणि नोकरीगणिक वेगळे, त्यामुळे तुमच्या नेमणुकीच्या कागदावर काय लिहिलंय तेच शेवटी खरं. तुलनेसाठी एक माप हाताशी असू द्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण कराराने (क्रमांक १८३) किमान १४ आठवड्यांची रजा धरली आहे. त्यातले सहा आठवडे प्रसूतीनंतर सक्तीचे. त्याच करारात आणखी एक कलम आहे जे फार थोड्या जणी वाचतात: बाळ अंदाजे तारखेच्या नंतर आलं तर मधले दिवस प्रसूतीआधीच्या रजेत वाढवून द्यायचे, नंतरचे सक्तीचे आठवडे कापायचे नाहीत. ज्या देशांनी हा करार स्वीकारलाय तिथे ते लागू. बाकी ठिकाणी विचारायला तरी उपयोगी.

हे कलम का हवं ते आकड्यांतून कळतं. उदाहरणातली बाई ३६ आठवडे पूर्ण होताच, १७ नोव्हेंबरला, रजेवर गेली. चौदा आठवडे धरले तर २३ फेब्रुवारी २०२६ ला कामावर हजर. बाळ २४ नोव्हेंबरला आलं तर तिला बाळाबरोबर तेरा आठवडे मिळतात. तेच २२ डिसेंबरला आलं तर नऊच. रजा सारखीच, पण बाळासोबतचा एक महिना गेला! कराराप्रमाणे तारखेच्या पुढचा एक आठवडा वाढला तर ती २ मार्चला हजर होईल.

म्हणून काही जणी शेवटपर्यंत काम करायचं ठरवतात. तब्येत साथ देत असेल तर त्यात गैर नाही, पण मग ३७ आठवड्यांनंतरचा प्रत्येक दिवस हा ‘कदाचित उद्या येणार नाही’ या तयारीचाच समजायचा.

एचआरला पुढचे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. रजेचे दिवस कॅलेंडरचे की कामाचे? सुट्ट्या धरणार की वगळणार? रजा अंदाजे तारखेवरून मोजणार की प्रत्यक्ष? बाळ रजा सुरू होण्याआधीच आलं तर रजा त्याच दिवसापासून लागते का? किती आठवडे आधी कळवायचं? साठलेली हक्काची रजा आणि ओव्हरटाइमच्या बदल्यातली सुट्टी पुढे-मागे जोडता येते का? या शेवटच्या प्रश्नाला तुमची वही थेट कामी येते.

काम सोपवण्याची सुरुवात ३४ आठवड्यांना (उदाहरणात ३ नोव्हेंबर) करा आणि ३६ ला संपवा. त्यानंतर नवं काम अंगावर घ्यायचं नाही, चालू कामाची स्थिती रोज संध्याकाळी दोन ओळींत लिहून ठेवायची. उद्या तुम्ही आला नाहीत तरी दुसऱ्याला तिथून पुढे जाता आलं पाहिजे. ‘पंधरा तारखेपर्यंत मी आहे’ असं साहेबांना सांगू नका. ‘चोवीस नोव्हेंबरनंतर मला गृहीत धरू नका’ असं सांगा.

पायरी ६: कळा मोजणं

इतके महिने तुम्ही सुरुवात, शेवट आणि मधली सुट्टी लिहीत आलात. कळांनाही तेच लागतं, फक्त आता तासांऐवजी मिनिटं आणि सेकंद.

दोन गोष्टी लिहायच्या. कळ किती वेळ टिकली: चढू लागल्यापासून पूर्ण उतरेपर्यंत. आणि किती वेळाने आली: एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. बहुतेकजण पहिली संपल्यापासून मोजतात, तिथेच आकडा चुकतो. समजा पहिली कळ २:१० ला सुरू होऊन ४५ सेकंद टिकली. दुसरी २:१८ ला येऊन ५० सेकंद, तिसरी २:२४ ला येऊन एक मिनिट. अंतरं आठ मिनिटं आणि सहा मिनिटं. दवाखान्यात फोनवर असंच सांगायचं: ‘सहा ते आठ मिनिटांनी येतात, पाऊण ते एक मिनिट टिकतात, दोन वाजल्यापासून.’ पलीकडच्या नर्सला एवढ्यात सगळं कळतं.

लिहिण्याचं काम सोबतच्या माणसाचं. तुम्ही फक्त ‘आली’ आणि ‘गेली’ म्हणा. रात्रभर प्रत्येक कळ लिहीत बसू नका. अर्धा तास लिहा, मग वही बाजूला ठेवा, काहीतरी खा, झोप लागली तर झोपा. चित्र बदललंय असं वाटलं की पुन्हा अर्धा तास. पहिल्या बाळंतपणात बारीक कळांचा टप्पा एक दिवस, कधी त्याहून जास्त चालतो. तो सगळा घड्याळाकडे बघत काढला तर खऱ्या कामाच्या वेळी अंगात त्राण उरत नाही.

खोट्या कळा ओळखायला नोंदीचाच उपयोग होतो. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्लिश डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून वैद्यकात या कळांना त्या डॉक्टरांचंच नाव आहे. खोट्या कळांची अंतरं वेडीवाकडी असतात: बारा मिनिटं, पाच, वीस. चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं की त्या मंदावतात. खऱ्या कळा काहीही केलं तरी जवळ येतात, लांबतात आणि जोर धरतात. तीन-चार नोंदींवरून ठरवू नका. तासाभराच्या नोंदीत दिशा दिसते.

कधी निघायचं? बऱ्याच ठिकाणी सांगितला जाणारा ठोकताळा असा: पाच मिनिटांनी एक कळ, प्रत्येक कळ एक मिनिटाची, आणि असं तासभर. हा पहिलटकरणीसाठी, दिवस भरलेले असताना, काही गुंतागुंत नसताना आणि दवाखाना जवळ असताना. दुसरं-तिसरं बाळ असेल तर याच्या बरंच आधी निघा, कारण पुढचा टप्पा झपाट्याने जातो. रस्ता लांबचा असेल तर रस्त्याचा वेळ त्यातून वजा करा. आधीचं सिझेरियन असेल, जुळं असेल किंवा बाळ पायाळू असेल तर ठोकताळा विसरा. कळा सुरू झाल्या की लगेच फोन. आणि तुमच्या दवाखान्याने वेगळं काही सांगितलं असेल तर तेच पाळा.

पाणी गेलं तर कळा असोत-नसोत, वेळ आणि रंग लिहून दवाखान्याला कळवा. हिरवट किंवा तपकिरी पाणी, लाल रक्त किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यात मोजत बसायचं नाही.

आपसूक सुरू होणारी बाळंतपणं रात्री उशिरा आणि पहाटे जास्त होतात. इंग्लंडमधल्या २००५ ते २०१४ च्या नोंदींत आपसूक जन्मांचा जोर पहाटे चारच्या सुमारास दिसला. म्हणून गाडीची सोय ‘दिवसा कोणीही असतंच’ या भरवशावर ठेवू नका. पहाटे तीनला फोन उचलणारी दोन माणसं आणि दवाखान्याचं रात्री कोणतं दार उघडं असतं, हे वहीच्या मागच्या पानावर असू द्या. कळा ऑफिसात सुरू झाल्या तर गाडी स्वतः चालवत निघायचं नाही. तुमच्या शेजारी बसणाऱ्या एकीला हे पान दाखवून ठेवा.

पायरी ७: दवाखान्यातलं घड्याळ

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा टप्पा सुरुवातीचा. त्याला ठरलेली मुदत नाही. पाचपासून दहापर्यंतचा जोराचा टप्पा पहिल्या खेपेला सहसा बारा तासांच्या आत, पुढच्या खेपांना दहा तासांच्या आत संपतो. त्यानंतर जोर लावून बाळ बाहेर येण्याला पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत, नंतर दोन तासांपर्यंत लागू शकतात. वार बहुधा अर्ध्या तासात पडते.

‘तासाला एक सेंटिमीटर’ हे माप अमेरिकी डॉक्टर इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५० च्या दशकात काढलेल्या आलेखांवरून रूढ झालं. अनेक बायकांची गती त्याहून कमी असते आणि तरी सगळं नीट होतं, म्हणून संघटनेने त्याच मार्गदर्शनात ते माप सरसकट लावू नका असं सांगितलं. तेव्हा बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी दर तासाला ‘किती झालं?’ विचारून नर्सला पिडू नये. आत आलेख चालूच असतो.

बाळ पूर्ण बाहेर येतं ती जन्माची वेळ. ती नर्सला विचारून वहीत लिहा. जुळं असेल तर दोघांची वेगळी. मध्यरात्रीच्या आसपासचा जन्म असेल तर तारीखही तपासून घ्या, कारण जन्मदाखल्यावर आणि रजेच्या कागदावर एकच तारीख यायला हवी. ऑफिसला कळवताना प्रत्यक्ष तारीख आणि त्या दिवशी पूर्ण झालेले आठवडे, दोन्ही लिहा.

पायरी ८: परत कामावर

कामावर परतल्यावर वहीत एकच नवा रकाना लागतो: दूध पाजण्याचा किंवा काढण्याचा वेळ. वर सांगितलेल्या करारात हा वेळ कामाचाच धरून त्याचा पगार द्यावा असं म्हटलंय. तुमच्याकडचा नियम काहीही असो, पहिले दोन आठवडे तो वेळ प्रत्यक्षात किती लागतो ते लिहा, मग मागणी करा. ‘दिवसात दोनदा पंचवीस-पंचवीस मिनिटं’ असं सांगणारीला वेळ लवकर मंजूर होतो.

बाळ बरंच आधी जन्मलं असेल तर पहिल्या पानावरची जुनी तारीख खोडू नका. अशा बाळाची वाढ बघताना डॉक्टर साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत दुरुस्त वय धरतात, आणि ते जन्मापासून न मोजता त्या अंदाजे तारखेपासून मोजतात. आठ आठवडे आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याची तुलना चार महिन्यांच्या बाळाशी करायची. लशी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.